लेबल लावायचं काम माझ्याकडे असतं

परशरामला राग लवकर यायचा, पण तो बरोबर माणसावर कधी निघायचा नाही. वडगावातल्या त्याच्या दोन पॉवरलूमपैकी एखादा अडला की तो आडवं सूत इकडून तिकडं नेणाऱ्या धोट्याला आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. वीज गेली की बायकोवर खेकसायचा. बीमवरचं, म्हणजे ताण्याच्या मोठ्या रुळावर गुंडाळून आलेलं, सूत कच्चं निघालं की बीम घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. आणि ते सूत पाठवून मजुरीवर साड्या विणून घेणारा नागोजी सावकार समोर आला की हाच गडी गाईसारखा मान डोलवत उभा राहायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. त्याची बायको यशोदा लग्न झाल्यापासून या घरात संन्याशाचं काम करत आली होती.

पोरगी मंजुश्री मात्र आईवर गेली नव्हती. बीएच्या पहिल्या वर्षाला होती. तिच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांचा आठवड्यातून एकदा सेमिनार असायचा. दिलेल्या विषयावर लिहून आणायचं, वर्गापुढं वाचायचं आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची. त्यातल्या सगळ्यात चांगल्या लेखनाला वर्षाच्या शेवटी बक्षीस असायचं. यंदा सगळ्यांना मिळून एकच विषय होता, ‘आमच्या घरातलं काम’. बक्षिसाचं नाव होतं ‘कैलासवासी जयाबाई स्मृती लेखन पुरस्कार’, आणि या जयाबाई म्हणजे नागोजी सावकाराची आई. बाईंनी जन्मात पाटीवर अक्षर काढलं नव्हतं, पण मेल्यावर माणसाच्या नावानं काय काय निघेल ते सांगता येत नाही.

तर ते बक्षीस मंजूला लागलं.

त्या संध्याकाळी परशरामनं दोन्ही माग बंद केले. सण नसताना, वीज असताना, बीमवर सूत असताना माग बंद, हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. यशोदेनं हात पुसले, मंजू कट्ट्यावर बसली आणि तिनं निबंध वाचून दाखवला. बीम आला की आप्पा त्याला हात लावून नमस्कार करतात. नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या धाग्याला जोडायचा, ते काम आईचं. मागांचा आवाज एवढा असतो की आम्ही घरात एकमेकांचे ओठ बघून बोलतो, आणि कॉलेजात कुणी हळू बोललं तरी मी आधी ओठांकडे बघते. असं सगळं अगदी सरळ लिहिलेलं. आणि शेवटी हे:

‘साडी मागावरून उतरली की तिची घडी घालायची आणि घडीवर सोनेरी लेबल लावायचं. लेबलावर छापलेलं असतं : अस्सल हातमाग, विणकराच्या हातांचा स्पर्श. लेबल लावायचं काम मी चौथीत असल्यापासून माझ्याकडे असतं, कारण माझ्या हातून ते वाकडं लागत नाही. लेबल लागलं की साडी पुरी झाली.’

ऐकणाऱ्या दोघांपैकी एकाच्याही कपाळावर आठी पडली नाही. परशरामचे डोळे भरून आले. यशोदेची तक्रार एवढीच होती, “माझं नुसतं धागं जोडायचंच लिवलीस गं. सैपाक काय शेजारीण करून जाते?”

तेवढ्यात मंजूला सेमिनार शिकवणाऱ्या रचना मॅडमचा फोन आला. मंजूनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. मॅडम अगदी हरखून गेल्या होत्या. “मंजुश्री, परीक्षक निपाणीहून आले होते. कुणाचं कौतुक करणारे नव्हेत ते. म्हणाले, ही मुलगी पूर्ण निबंधात कुठं आवाज चढवत नाही आणि शेवटी त्या लेबलानं काय सणसणीत थोबाडीत मारते! विजेच्या मागावरची साडी आणि वर हातमागाचं लेबल! असा उपरोध बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता म्हणे.”

मंजू “थँक्यू मॅडम” म्हणाली आणि फोन ठेवला.

“उपरोध म्हंजे काय गं?” यशोदेनं विचारलं.

“तोंडानं एक म्हणायचं आणि मनात दुसरं. बोलून बोलून मारायचं.”

“मग तू कुणाला मारलीस?”

मंजूनं कुणालाच मारलं नव्हतं. तिनं घरातलं काम लिहिलं होतं. भाजीला फोडणी देतात, पोरीला वेणी घालतात, तसं साडीला लेबल लावतात, एवढंच तिला माहीत होतं. कानठळ्या बसवणारे माग एका खोलीत आणि लेबलांची चळत दुसऱ्या खोलीत, या दोन खोल्यांच्या मधली भिंत त्या घरात कुणी कधी ओलांडली नव्हती. परशरामनं तर नाहीच. त्याला कळत नव्हतं असं नाही, पण आपल्याच घराचा वास आपल्याला येत नाही, त्यातली गत होती.

मंजू उठली, फळीवरून लेबलांचा ताव काढून आणला आणि बापापुढं धरला. “आप्पा, हे खोटं हाय.”

“काय खोटं?”

“आपला माग हातावर चालत न्हाय. विजेवर चालतोय.”

“मग? तुला म्हाईत नव्हतं व्हय इतकी वर्सं?”

“म्हाईत हुतं,” मंजू म्हणाली. तिचा आवाज चिरकायला लागला होता. “पर असं म्हाईत नव्हतं. तो माणूस मला लई धीट समजला, आप्पा. आणि मी येडी हाय. मी लहानपणापास्नं लोकांना फसवतेय, आणि ‘वाकडं लागत न्हाय’ म्हणून वर फुशारकी मारलीय!”

“फसवतोय ते सावकार. आपण मजुरीची माणसं.”

“लेबल कोण लावतंय?”

परशराम भडकला. बक्षिसाच्या दिवशी पोरीनं असं तोंड वर करून बोलावं? त्यानं ताव हिसकावून फळीवर फेकला, यशोदेला विनाकारण दोन शब्द सुनावले आणि माग सुरू केले. आवाजात सगळं बुडालं. त्या घरात भांडण मिटवायची हीच रीत होती.

चार दिवसांनी सावकाराचा निरोप आला.

नागोजी सावकाराची पेढी शहापुरात. माणूस बोलायला इतका गोड की ऐकणाऱ्याला साखरेचा विकार व्हावा. गोगलगाय आणि पोटात पाय. त्यानं परशरामला आज खाली न बसवता गादीच्या कडेला बसवलं, चहा मागवला, पोरीचं नाव विचारलं, आणि मग उशाखालून निबंधाची प्रत काढली. स्मरणिकेत छापायचा म्हणून कॉलेजनं देणगीदाराला आधी दाखवायला पाठवला होता. या कॉलेजवाल्यांच्या शिष्टाचाराला तर काय म्हणावं! ज्याची चोरी लिहिलीय त्याच्याच घरी नेऊन वाचायला दिली.

“परशराम, पोरगी हुशार हाय. लई हुशार,” सावकार म्हणाला. “पण माझ्या आईच्या नावाचं बक्षीस, आणि त्यात मलाच चोर म्हणायचं? हे तुला तरी बरं वाटतंय काय?”

“न्हाय सावकार. तिला तसं म्हणायचं नव्हतंच. देवाशप्पत, तिनं आपलं साधं…”

“असंल की. मी कुठं काय म्हणतोय? बक्षीस तिलाच द्यायचं. पेपरात नाव आलंय, आता माघारी घेतलं तर लोक विचारतील का म्हणून. फक्त तिनं प्रिन्सिपलसाहेबांना लिहून द्यायचं, की तो शेवटचा भाग कल्पनेचा हाय, खरा न्हाय. झालं. छापताना तो गाळतील.” सावकारानं चहा बशीत ओतला. “पुढच्या आठवड्यात तुझा बीम संपतोय न्हवं? नवा द्यायचा का थांबायचं, ते कळव.”

परशरामनं मान डोलावली. दोन वेळा डोलावली. चहाही पिऊन संपवला.

आणि पायऱ्या उतरल्यावर त्याला राग आला! सायकलला कुलूप लावलं म्हणून स्वतःचा, समोर रिक्षा उभी होती म्हणून रिक्षावाल्याचा, नाथ पै सर्कलला सिग्नल लाल झाला म्हणून सरकारचा. घरी पोचेपर्यंत तो सगळा राग एका माणसावर गोळा झाला होता, आणि ते माणूस त्याच्या बोटाला धरून चालायला शिकलं होतं.

“शिकवलं म्हणून ह्ये! शिकवलं नसतं तर गप बसली असतीस!” तो दारातूनच ओरडला.

मंजूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी लिवून देणार न्हाय. बक्षीस नको मला. त्येंच्या आईच्या फोटोम्होरं ठिवा म्हणावं.”

“बक्षीस घ्यावंच लागतंय! आणि लिवूनबी द्यावं लागतंय!”

“म्हंजे खरं लिवलं त्याचं बक्षीस घ्यायचं, आणि खोटं लिवलं असं सांगायचं? असं कुठं असतंय काय, आप्पा?”

असतं. सगळीकडं असतं. पण हे परशरामला पोरीला सांगता येईना. यशोदा मधे पडली. “मंजे, ह्या घरातली चूल सावकाराच्या सुतावर पेटतीय. तुझं पुस्तकबी त्यातलंच. एक सही कर आणि मोकळी हो, बाई.” असं म्हणून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आईनं समजूत घातली की मंजू हरायची. आता तर आई रडतही होती.

दुसऱ्या दिवशी बापलेक कॉलेजात गेले. प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये कागद टाइप करून तयारच होता. प्रिन्सिपल घाईत होते. बक्षिसं वाटायच्या वार्षिक संमेलनाचा मांडव, जेवण, पाहुणे, त्यात हे एक. “कूडरी, कूडरी,” त्यांनी कन्नडमध्ये बसायला सांगितलं आणि मराठीत म्हणाले, “काही नाही, फॉर्मॅलिटी. इथं सही कर बाळ. ‘निबंधातील शेवटचा परिच्छेद काल्पनिक असून त्यात वस्तुस्थिती नाही.’ एवढंच आहे.”

कोपऱ्यात रचना मॅडम उभ्या होत्या. फोनवर हरखलेल्या बाई त्या याच काय, असं वाटावं असा चेहरा. त्या म्हणाल्या, “सर, पण परीक्षकांनी याच परिच्छेदासाठी…”

“मॅडम, तुमचं अजून पर्मनंट व्हायचंय,” प्रिन्सिपल म्हणाले, अगदी काळजीच्या सुरात.

आता त्या खोलीत बोलायचं राहिलेलं एकच माणूस होतं. मंजूनं पेन हातात घेतलं आणि बापाकडं बघितलं. विनवणी नव्हती त्या बघण्यात. ती फक्त थांबली होती, की हा माणूस काहीतरी म्हणेल.

“कर सही,” परशराम म्हणाला.

तिनं केली. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं. घरी येताना ती बापाच्या पुढं दहा पावलं चालत राहिली आणि संमेलनाच्या दिवसापर्यंत त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. नवा बीम मात्र वेळेआधी आला. परशरामनं सवयीनं त्याला हात लावून नमस्कार केला, आणि मंजूनं ते बघितलं हे त्यानंही बघितलं.

संमेलनाला हॉल भरला होता. सांबऱ्यापासून खानापूरपर्यंतच्या पोरांचे आईबाप आले होते. यशोदेनं ठेवणीतली साडी नेसली होती. परशराम इस्त्रीच्या शर्टात तिच्याशेजारी बसला होता आणि आज तरी मन मोठं करून आनंद मानायचा असं घोकत होता. मंजूचं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या. सावकारानं तिच्या हातात चषक दिला, फोटो झाला. तेवढ्यावर उरकलं असतं तर सगळ्यांचं निभावलं असतं. पण ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि पारध्याच्या हातात त्या दिवशी माईक होता.

“ही आमच्याच विणकराची मुलगी,” सावकार बोलायला लागला. “जाऊ नको बाळ, थांब इथंच. हिनं निबंध लिहिलाय, वाचला तर तुम्ही चाट पडाल. आमच्यावरबी लिहिलंय बरं का! आम्ही साड्यांना खोटी लेबलं लावतो म्हणे!” तो हसला. पुढच्या रांगेतले पाहुणे हसले. “मी रागावलो न्हाय. मी म्हटलं, वा! काय कल्पना! मग तिनंच प्रामाणिकपणानं लिहून दिलं, की साहेब, हे खोटं हाय, मी मनानं रचलं. गरिबाघरची पोरं, त्यांना जरा चढवून लिहायची हौस असते. पण खोटं लिहावं तर असं गोड लिहावं! बक्षीस त्याचंच आहे!”

सगळा हॉल हसला. वाईट हेतूनं नव्हे. पाहुणा विनोद करतो तेव्हा हसायचं असतं म्हणून हसला. मंजू चषक पोटाशी धरून उभी होती, आणि सवयीनं सावकाराच्या ओठांकडं बघत होती.

परशराम उभा राहिला. आपण उभे राहिलोय हे त्याला यशोदेनं शर्ट ओढला तेव्हा कळलं.

“ए सावकार!”

पुढच्या रांगेतल्या माना मागं वळल्या. ‘ए सावकार’ असं नागोजीला त्याच्या बापानंसुद्धा हाक मारली नसेल.

“माझी पोरगी खोटं लिवत न्हाय! लेबलं माझ्या घरात लागत्यात. विजेच्या मागावरची साडी, आणि वर हातमागाचं लेबल. ताव तू धाडतोस, सुतासंगट! आणि ती सही मी करायला लावली तिला. तुझ्या बीमापायी! खोटं तू, आणि खोटा मी! तिला खोटं म्हणू नकोस!”

“बस रे परशराम, बस. पिऊन आलाय वाटतं,” सावकार माईकमध्ये म्हणाला, पण हसणं थोडं उशिरा आलं आणि त्याच्याबरोबर दुसरं कुणी हसलं नाही. प्रिन्सिपल धावत माईककडं गेले आणि पुढचा कार्यक्रम समूहनृत्य असल्याचं दोनदा सांगितलं. गाणं लागलं. परशराम रांगेतून लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडला. खरं सांगायचं तर त्याची छाती इंचभर फुगली होती. जन्मात पहिल्यांदा त्यानं ज्याला शिव्या द्यायच्या त्यालाच दिल्या होत्या.

मागोमाग यशोदा आली. “झालं. आता बीम काढून न्यायला माणूस येईल,” ती म्हणाली, पण तिच्या आवाजात रडणं नव्हतं. मग मंजू आली. परशरामला वाटलं, पोरगी येऊन बिलगेल. त्यानं हातसुद्धा जरा पुढं केले.

मंजू चार हातांवर थांबली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

“लई भारी वाटलं असंल न्हवं?” ती म्हणाली.

“आँ?”

“सगळ्या हॉलमधी ओरडलासा. लोक म्हणतील, बाप असावा तर असा. आणि त्या दिवशी केबिनमधी? तितं चारच माणसं हुती, आप्पा! तितं मी तुमच्या तोंडाकडं बघत हुते. एक शब्द बोलला असतासा तर मी पेन खाली ठिवलं असतं. तितं तुमची दातखीळ बसली, आणि हितं वाघ झालासा!”

“मंजे, बापाशी बोलतीयास तू…” यशोदा म्हणाली.

“बोलू दे,” परशराम पुटपुटला.

“तुम्ही ओरडलेलं हवेत गेलं. उद्या म्हणतील, पिला हुता. माझी सही मात्र तितं ड्रॉवरात हाय. मी खोटं लिवलं म्हणून माझ्या हातानं लिवून दिलंय मी. जलमभर ऱ्हाणार ती. सावकार दरसाली काढून दाखवील. तुमचं तोंड मोकळं झालं, आप्पा. माझं कोण करणार?” आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिला फुटलं, तेही रागानंच. चषक तिनं पायरीवर आपटला. तो हलक्या पत्र्याचा होता, एका कडेला चेपला आणि गडगडत खाली गेला. उचलायला कुणी गेलं नाही.

परशराम उभा होता. फुगलेली छाती कधीच खाली बसली होती. त्यानं नेहमीसारखा कुणावर तरी राग शोधून पाहिला. बायकोवर येईना. पोरीवर तर येईचना. आत समूहनृत्याचं गाणं संपून टाळ्या पडत होत्या.

“केबिन कुठल्या अंगाला?” त्यानं विचारलं.

“जिन्याच्या डाव्या हाताला,” मंजू नाक पुसत म्हणाली. “पण आत्ता नका जाऊ. आत्ता सावकार असंल तितं. चहाला.”

“असू दे.”

तो गेला. दार ढकललं तेव्हा प्रिन्सिपल आणि सावकार समोरासमोर बसले होते, बश्यांमध्ये बिस्किटं होती, आणि दोघंही त्याच्याविषयीच बोलत असावेत, कारण दोघंही एकदम गप्प झाले. परशरामचा आवाज या वेळी चढला नाही. मागांच्या घरातला माणूस, हळू बोलायची त्याला सवयच नव्हती, त्यामुळं शब्द जरा अडखळत आले.

“माझ्या पोरीच्या सहीचा कागद माघारी द्या,” तो म्हणाला. “आणि कोरा घ्या. लेबलं कोण धाडतंय, कोण लावतंय, कवापास्नं, मी सांगतो, तुम्ही लिवा. खाली मी सही करतो.”

प्रिन्सिपलनी सावकाराकडं बघितलं. परशरामनं खुर्ची ओढली, सावकाराच्या शेजारी बसला आणि पेनासाठी हात पुढं केला.